इंदुरात पोलीस लिलावातून मोटारसायकल घेताना: आधी कागद, मग इंजिन

ठाण्याच्या आवारात धूळ खात उभ्या असलेल्या गाड्या आपण रोज पाहतो. त्यांतली एखादी बरी स्प्लेंडर किंवा शाइन स्वस्तात मिळेल, हा विचार इंदुरात नव्याने कामाला लागलेल्या किंवा भंवरकुआच्या क्लासेससाठी जळगाव-बऱ्हाणपूरकडून आलेल्या अनेक मुलांच्या डोक्यात येतो. विचार चांगला आहे, आणि नीट घेतली तर गाडीही चांगली मिळते. पण या बाजारात गाडीची किंमत इंजिनावर ठरत नाही. नायता मुंडल्याच्या आरटीओत ती तुमच्या नावावर होणार की नाही, त्यावर ठरते. नावावर न होणारी गाडी फुकट मिळाली तरी भंगारच. म्हणून या लेखात कागदांना जास्त जागा दिली आहे आणि इंजिनाला थोडी कमी.

पहिली गोष्ट: लिलाव नेमका कशाचा आहे?

पोलीस लिलाव म्हणून आपण ज्याला एकच नाव देतो, त्यात वेगवेगळ्या जातीच्या गाड्या असतात.

सगळ्यांत जास्त असतात बेवारस गाड्या, आपल्याकडे ज्यांना सर्रास लावारिस म्हणतात त्या. रस्त्यावर सापडलेल्या, चोराकडून मिळालेल्या पण मालक न सापडलेल्या, वर्षानुवर्षं कोणी सोडवायला न आलेल्या. १८६१ च्या पोलीस कायद्याची कलमं २५ ते २७ यांच्यासाठी आहेत: पोलिसांनी यादी करून दंडाधिकाऱ्यांना कळवायचं, जाहीर उद्घोषणा निघते, मालकाला सहा महिन्यांची मुदत मिळते, आणि कोणीच आलं नाही तर विक्रीचा आदेश होतो. गुन्ह्याच्या तपासात जप्त झालेल्या मालासाठी आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची कलमं ४९७, ५०३ आणि ५०४ लागू होतात. १ जुलै २०२४ पूर्वीच्या कागदांवर तुम्हाला जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेची ४५१, ४५७, ४५८ ही कलमं दिसतील. दोन्ही चालतात, फक्त तारीख आणि कलम यांचा मेळ बसला पाहिजे.

दुसऱ्या असतात राजसात, म्हणजे सरकारजमा झालेल्या गाड्या. दारूच्या वाहतुकीत पकडलेली मोटारसायकल आबकारी कायद्याखाली जिल्हाधिकारी राजसात करतात आणि मग ती विकली जाते. माझ्या मते नवख्या माणसाने आधी याच शोधाव्यात. गाडीचा मालक कोण होता हे माहीत असतं, गाडी पकडली तेव्हा चालू होती, आणि आदेश नावानिशी, नंबरनिशी असतो.

तिसऱ्या म्हणजे खात्याच्या स्वतःच्या, वापरातून काढलेल्या गाड्या. इथे एक मोठी अडचण आहे. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे वाढवली जात नाही. त्या मोडीतच जातात. त्यामुळे पोलिसांची जुनी बुलेट पाहून हरखून जाऊ नका, आधी तिचं वय बघा.

ठाण्यांत गाड्या अशा सडत पडू नयेत, यावर सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या खटल्यात स्पष्ट सूचना दिल्या आहेत. फोटो काढा, पंचनामा करा, गाडी मालकाला द्या, मालक नसेल तर विका, असा त्यांचा सारांश. लिलाव होतात ते या निकालाच्या आधारावरही. तरी अनेक गाड्या चार-पाच पावसाळे उघड्यावर काढूनच आपल्यापुढे येतात.

सूचना कुठे कळते

हिंदी दैनिकांच्या इंदूर आवृत्तीत ‘नीलामी सूचना’ म्हणून छोट्या टायपात येते. ठाण्याच्या आणि पोलीस लाइनच्या फलकावर लागते. सरकारी खात्यांचे बरेच ई-लिलाव एमएसटीसी या केंद्र सरकारच्या कंपनीच्या संकेतस्थळावर होतात. तिथे बोली लावायची तर आधी नोंदणी करावी लागते, ऐन वेळी धावपळ करून जमत नाही. डिसेंबर २०२१ पासून इंदूर शहरात पोलीस आयुक्तालय आहे आणि महू, सांवेर, देपालपूरकडची ठाणी ग्रामीण पोलिसांकडे आहेत. म्हणजे सूचना दोन वेगवेगळ्या कार्यालयांतून निघतात. शहरातली पाहिली म्हणून जिल्हा संपला असं धरू नका.

सगळ्यांत सोपा रस्ता मात्र ठाण्यात जाऊन विचारण्याचा. टीआयसाहेबांना, म्हणजे ठाणेप्रमुखांना, भेटायची गरज नसते. मालखान्याचं (जप्त मालाच्या खोलीचं) काम बघणाऱ्या हेड मोहर्ररांना, म्हणजे ठाण्याच्या कारकुनांना, दुपारच्या निवांत वेळी अदबीने विचारा: “साहब, लावारिस गाडियों की नीलामी की फाइल चल रही है क्या?” ते ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच सांगतील, पण ते खरं असतं.

मोबाईलवर फिरणाऱ्या ‘पोलीस लिलावातली बुलेट आठ हजारांत’ छापाच्या जाहिरातींना एकच कसोटी लावा. सरकारी लिलावाचा पैसा सरकारी खात्यात जातो आणि त्याची पावती मिळते. कोणी स्वतःच्या नंबरवर यूपीआयने ‘बुकिंग’चे पैसे मागत असेल, तर ती फसवणूक आहे. तिथेच थांबा.

सूचना वाचायची कशी

सूचना हातात आली की तीन ओळी शोधा. पहिली, गाड्या एकेक विकणार की ढीग करून. दुसरी, नोंदणीयोग्य म्हणून विकणार की फक्त भंगार म्हणून. तिसरी, अनामत रक्कम किती आणि उरलेली रक्कम किती दिवसांत भरायची.

पहिली ओळ नवख्यांना सगळ्यांत जास्त अडवते. पुष्कळदा पन्नास-शंभर गाड्यांचा एकच ढीग लावलेला असतो आणि बोली लावतात ती कबाडी मंडळी. तुमच्यासारख्या एका गाडीवाल्याला तिथे जागाच नसते. मग बाहेर कोणीतरी म्हणतं, “भैया, पूरा ढेर मैंने लिया है, आप एक छांट लो, रसीद दे दूंगा।” ही गाडी घेऊ नका. विक्रीचा आदेश त्याच्या नावावर आहे. गाडी आधी त्याच्या नावावर झाली पाहिजे, मग तुमच्या. ढीग घेणारा माणूस एकेक गाडी आरटीओत नेऊन स्वतःच्या नावावर कधीच करत नाही. त्याच्या रसीदीवर गाडी तुमच्या नावावर होणार नाही.

भंगार म्हणून विकलेल्या गाडीचंही तसंच. तिचे भाग वापरता येतात, ती रस्त्यावर चालवता येत नाही.

आणि एक शब्दप्रयोग प्रत्येक सूचनेत असतो: ‘जैसा है, जहां है’. नंतर काहीही निघालं तरी तक्रार चालत नाही, एवढा त्याचा अर्थ पक्का धरून पुढे जा. जीएसटी बोलीच्या रकमेत धरलाय की वर लागणार, तेही याच कागदावर पाहून ठेवा.

पाहणीचा दिवस

बोलीच्या आधी गाड्या पाहायला एक-दोन दिवस देतात. हा दिवस चुकवायचा नाही. सोबत न्यायच्या वस्तू: छोटा टॉर्च, जुनं फडकं, थोडं रॉकेल किंवा डब्ल्यूडी-४० चा फवारा, वही, आणि जमलं तर ओळखीचा मिस्त्री.

इंजिनाला हात लावण्याआधी चॅसी नंबर. तो हँडल जिथे फ्रेममध्ये बसतं त्या नळीवर, बहुधा उजव्या बाजूला, ठोकलेला असतो. धूळ, ग्रीस आणि गंजाखाली तो अजिबात दिसत नाही. फडक्यावर रॉकेल घेऊन हलक्या हाताने पुसा. कानशीने किंवा पॉलिश पेपरने घासायचं नाही, नाहीतर खाडाखोडीचा संशय उद्या तुमच्यावर येईल. मग हँडल एका बाजूला वळवून टॉर्च समोरून न मारता अगदी तिरका, पत्र्याला लागून धरा. अक्षरांच्या कडांच्या सावल्या पडतात आणि मग सगळं कळतं. कारखान्यात ठोकलेली अक्षरं एका ओळीत, एका खोलीची असतात. एखादं अक्षर तिरकं, एखादं जास्त खोल, भोवतीचा पत्रा इतर ठिकाणापेक्षा गुळगुळीत किंवा किंचित खोलगट दिसला, तर तिथे ग्राइंडर फिरलेला आहे. ती गाडी सोडा, कितीही देखणी असो.

हा नंबर सतरा अक्षरांचा असतो आणि सुरुवातीच्या तीन अक्षरांवरून कंपनी कळते: हिरोचा एमबीएल, होंडाचा एमई४, बजाजचा एमडी२, टीव्हीएसचा एमडी६, रॉयल एनफिल्डचा एमई३. टाकीवर होंडा आणि नंबरात एमबीएल असेल, तर ती एक तर हिरो होंडाच्या काळातली जुनी गाडी आहे किंवा दोन गाड्यांची एक केलेली आहे. कोणती ते यादीतल्या वर्षावरून लगेच कळेल.

इंजिन नंबर क्रँककेसवर, सहसा डाव्या बाजूला खाली असतो. दोन्ही नंबर वहीत उतरवा, लिलावाच्या यादीशी अक्षर अन् अक्षर जुळवा. यादी हाताने केलेली असते; ८ चा बी, ० चा डी झालेला असतो. ही चूक बोलीआधी लेखी दुरुस्त करून घ्यायची. नंतर आरटीओ ती मानत नाही, आणि आदेश दुरुस्त करून घेण्यात महिने जातात.

आता इंजिन. आवारात गाडी चालू करून पाहू देत नाहीत, आणि देत असतील तरी करू नये, कारण सुकलेलं इंजिन एका किकमध्येही खराब होतं. किकवर हाताने सावकाश दाब द्या. जड लागून हळूहळू खाली गेली तर सिलिंडरमध्ये दाब शिल्लक आहे. अजिबात हलली नाही तर पिस्टन धरला आहे. सरळ मोकळी खाली गेली तर आत काही उरलं नाही किंवा क्लच गेला आहे. टाकीचं झाकण उघडता आलं तर टॉर्च मारून बघा; तळाशी लाल गंज आणि जुन्या पेट्रोलचा काकवीसारखा चिकट थर दिसेल. तेवढ्यावरून गाडी नाकारू नका, टाकी आणि कार्बोरेटर साफ होतात.

मागे उभं राहून दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का ते बघा. अपघातात जप्त झालेल्या गाड्या याच आवारात असतात, आणि वाकलेली फ्रेम सरळ केली तरी गाडी शंभर मीटरमध्ये हँडलवरून हात सोडायची परीक्षा नापास होते. हँडलच्या नळीजवळ नवं वेल्डिंग दिसलं तर तिथूनच परत फिरा.

नवशिक्याने काय घ्यावं, याबद्दल माझं मत ठाम आहे: कार्बोरेटरवाली, १०० ते १२५ सीसीची, गल्लीतल्या प्रत्येक मिस्त्रीला पाठ असलेली गाडी. स्प्लेंडर, पॅशन, प्लॅटिना, शाइन. २०२० नंतरच्या बीएस-६ (नव्या प्रदूषण मानकाच्या) गाड्यांमध्ये फ्युएल पंप, इंजेक्टर, सेन्सर आणि ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, असतात. उघड्यावर उभी असताना उंदरांनी वायरिंग कुरतडलेलं किंवा ईसीयू कोणी काढून नेलेला असेल, तर दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बोलीवर जातो. चावी नसतेच, असं धरून चाला. लॉकसेट नवा बसवावा लागतो.

घरी येऊन करायचा गृहपाठ

नंबर वहीत आले की खरी छाननी सुरू होते, आणि ती सगळी मोबाईलवर होते.

एम-परिवहन ॲप किंवा वाहन पोर्टलवर नोंदणी क्रमांक टाका. नोंदणीची तारीख, वैधता, विमा, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे फायनान्सची नोंद दिसते. बँकेचा बोजा असेल तर तो कोण उतरवणार, हे लिलाव करणाऱ्या कार्यालयाला बोलीआधी लेखी विचारा. गाडी काळ्या यादीत टाकलेली असेल, तर तो शेरा विक्रीनंतर पोलिसांच्या पत्रानेच निघतो; तसं पत्र देणार का, हेही त्याच अर्जात विचारून घ्या. ई-चलानं थकलेली असतील तर तीही बघा.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वाहन समन्वय सेवेत चॅसी आणि इंजिन नंबर टाकून गाडी दुसऱ्या एखाद्या राज्यात चोरीची म्हणून नोंदलेली आहे का ते पाहता येतं. इंदुरात महाराष्ट्र, गुजरात, राजस्थानच्या गाड्या भरपूर सापडतात. त्यामुळे ही पायरी वगळू नका. शिवाय परराज्यातल्या गाडीला मूळ आरटीओची ना-हरकत आणि मध्य प्रदेशचा कर यांचा वेगळा व्याप असतो. पहिल्या खरेदीत एमपी ०९ वर, म्हणजे इंदूरच्या नंबरावरच थांबलेलं बरं.

वयाचा हिशेब असा: मोटारसायकलची पहिली नोंदणी १५ वर्षांची. २०१२ ची गाडी २०२७ पर्यंत. त्यानंतर तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. १ एप्रिल २०२२ पासून त्याची फी ३०० ची १००० रुपये झाली, आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या मोटारसायकलींसाठी ती २००० केली गेली. दिल्लीसारखी वयाची बंदी इंदुरात नाही, पण हा खर्च बोलीत धरावा लागतो.

बोली

घरून निघताना आकडा कागदावर लिहून न्या. माझी पद्धत अशी: तीच गाडी, त्याच वर्षाची, चालू स्थितीत आणि कागदांसह शहरात किती रुपयांना मिळते ते विचारा. त्यातून दोन टायर, बॅटरी, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक शू, केबल, लॉकसेट, टाकी-कार्बोरेटरची सफाई आणि मजुरी वजा करा. साध्या १०० सीसीला एवढ्यालाच आठ-दहा हजार सहज लागतात. टेम्पो, आरटीओ, विमा, नंबर प्लेट वजा करा. मग उरलेल्या रकमेतून आणखी चौथाई काढून टाका, इंजिन उघडावं लागलं तर त्यासाठी. राहिला तो तुमचा शेवटचा आकडा. त्याच्या पुढे जायचं असेल तर कागदांसह चालू गाडी घेणंच शहाणपणाचं.

बोली ज्याच्या नावावर गाडी करायची त्याच्याच नावाने लावा. भावाच्या नावाने बोली आणि आपल्या नावाने आरसी (नोंदणीपत्र) असं होत नाही. बाहेरगावहून आलेल्यांनी पत्त्याचा पुरावा आधी बघावा. आधार जळगावचं असेल तर इंदूरच्या पत्त्याचं काय करायचं, हे बोलीनंतर शोधत बसू नका. भाडेकरारावर किंवा आणखी कशावर चालतं, ते आरटीओत विचारून मगच अनामत भरा.

सर्वांत मोठी बोली तुमची झाली म्हणजे गाडी तुमची झाली असं नाही. सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी यावी लागते. किमान ठरलेल्या किमतीपेक्षा बोली कमी राहिली तर लिलाव रद्दही होतो. उरलेले पैसे मुदतीत भरले नाहीत तर अनामत जाते.

गाडी हलवण्याआधी हे कागद हातात हवेत

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ५७ वा नियम सरकारी लिलावातल्या गाड्यांसाठीच आहे. तो म्हणतो: ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांत फॉर्म ३२ मध्ये अर्ज करा. नेहमीच्या सेकंडहँड व्यवहारातले २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, ज्यांवर जुन्या मालकाची सही लागते, ते इथे नाहीत. त्यांच्या जागी दोन कागद लागतात: लिलाव करणाऱ्या अधिकाऱ्याच्या सहीचं, तुमच्या नावाने विक्री कायम केल्याचं प्रमाणपत्र, आणि लिलावाला परवानगी देणाऱ्या आदेशाची प्रमाणित प्रत. झेरॉक्स नव्हे, शिक्का-सहीची प्रमाणित प्रत.

नियम आरसी आणि विम्याचा कागदही मागतो. बेवारस गाडीला ते नसतात. म्हणून प्रमाणपत्रातच ‘मूळ नोंदणीपत्र उपलब्ध नाही’ असं वाक्य लिहून मागा. चॅसी नंबर, इंजिन नंबर, नोंदणी क्रमांक, रक्कम, पावती क्रमांक हे सगळं त्या एका कागदावर असलं पाहिजे. नंबर प्लेटच नसलेली किंवा खोटी प्लेट असलेली गाडी असेल, तर याच नियमाप्रमाणे आरटीओ आधी लिलाव करणाऱ्या खात्याच्या नावाने नवा क्रमांक देतो आणि मग गाडी तुमच्या नावावर येते. यात खात्याच्या पत्राशिवाय पान हलत नाही, त्यामुळे अशी गाडी पहिल्या खेपेला टाळावी.

हे कागद तिथल्या तिथे, टेबलासमोर उभं राहून वाचा. एक अंक चुकला असेल तर त्याच दिवशी दुरुस्त होतो. आठवड्याने गेलात तर ते साहेब बंदोबस्ताला गेलेले असतात.

गाडी टेम्पोवर घालून न्या. ढकलत किंवा चालवत नेण्याचा मोह टाळा. विमा नाही, नोंदणी तुमच्या नावावर नाही. विम्याविना गाडी चालवल्यास पहिल्या वेळी २००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे, आणि वाटेत कोणाला धक्का लागला तर भरपाई तुमच्या खिशातून.

आरटीओ आधी, रंगरंगोटी नंतर

गाडी घरी आली की आधी तपासणीपुरती दुरुस्ती करा. स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या, सकाळी प्लग न लावता किक हाताने फिरवा. जुनं पेट्रोल संपूर्ण काढा. इंजिन ऑइल बदला, मगच चालू करण्याचा प्रयत्न. टायरच्या बाजूला चार अंकी आकडा असतो: २३१६ म्हणजे २०१६ सालचा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी इतका जुना टायर कडक झालेला असतो. पावसाळ्यात तो रस्ता धरत नाही. बदला.

थर्ड पार्टी विमा काढा. ७५ ते १५० सीसीसाठी २०२२ साली ठरलेला दर ७१४ रुपये अधिक जीएसटी आहे. या रकमेसाठी थांबण्यात अर्थ नाही. मग पीयूसी, आणि फॉर्म ३२ घेऊन नायता मुंडला. एजंट घ्यायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण प्रमाणित प्रती त्याच्या हातात देण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढा आणि एक संच घरी ठेवा.

आरसी येईपर्यंत मोठा खर्च करू नका. सीट, रंग, अलॉय व्हील यांना घाई नाही. रंग बदलायचा तर आरसीवर त्याची नोंद लागते, हे लक्षात असू द्या. आरसी आली की हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवून घ्या, आणि तीन-चारशे किलोमीटर झाल्यावर ऑइल पुन्हा एकदा बदला. पहिल्या ऑइलबरोबर वर्षानुवर्षांचा गाळ निघतो, तो काळाभोर आणि कधी कधी चंदेरी कणांचा असतो. कण जास्त दिसले तर मिस्त्रीला दाखवा, क्लच किंवा बेअरिंग बोलत असतं.